शीआन शहरात अठरा दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडे नीटनेटके करून येथे देत आहोत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'चीनमधील बौद्ध धम्म' असा विषय दिला होता. मी त्यांना तेव्हाच म्हणालो की, साहेब, मी अभ्यासक नाही. माझी सगळी नोकरी पोस्टात टपाल वेगळे करण्यात गेली. चीनला मी गेलो तो अभ्यासासाठी नाही आणि सहलीलाही नाही. घरात दुःख झाले म्हणून गेलो. आणि तिथे अठरा दिवसांत मी सगळ्यात जास्त काय केले असेल, तर जेवलो. तेव्हा मी जेवणाबद्दलच बोलणार. धम्म त्यात वाटेत भेटला तेवढा सांगतो.

आमचे दादा २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. तुमच्यापैकी बरेच जण त्यांच्या अंत्ययात्रेला होता. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा शीआनला एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होती. दवाखान्यात ड्यूटी, रजेचा घोळ, वाटेत बँकॉकला विमान बदलायचे. पोरीला पोचणे जमलेच नाही. बापाचे शेवटचे तोंड तिने मोबाईलवर पाहिले. त्यानंतर ती फोनवर बोलेनाशी झाली. 'हो', 'बरी आहे', 'जेवले', एवढेच. एक दिवस म्हणाली, "आई, मी उपाशी नाही गं. आयी रोज पेज आणून देते." वहिनींनी फोन ठेवला आणि रडायलाच लागल्या. त्यांना वाटले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, आपल्याला आई म्हणते आणि पेज देणारी दुसरीच कोणी आई सांगते! मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जाऊन बघून या."

नंतर कळले की चिनी भाषेत मावशीला, म्हणजे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला, 'आयी' म्हणतात. समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारी बाई. पण ते कळेपर्यंत माझे तिकीट निघाले होते.

जाताना शेजारपाजारचे लोक काय काय सांगत होते! "तिकडे झुरळे खातात, कुत्री खातात, पाण्यालासुद्धा वास येतो म्हणे." वहिनींनी चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, मेथीचे लाडू असे बारा किलो सामान बांधून दिले. मीही घाबरलो होतो. खोटे कशाला बोलू? 'ते काहीही खातात' हे वाक्य मीही दोन-चार ठिकाणी हसत हसत बोललो होतो. त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे.

७ जानेवारी २०१९ ला मी शीआनला उतरलो. थंडी अशी की नाकातला श्वास टोचतो, आणि धुरकट हवेत सूर्य पिवळ्या चकतीसारखा दिसतो. पण घराच्या आत मात्र बनियनवर बसा. उत्तर चीनमध्ये हिवाळाभर सरकारी व्यवस्थेतून गरम पाणी नळ्यांनी घराघरात फिरवतात. पुतणी राहायची तो मजला सतरावा. खिडकीतून पाहिले तर तसल्याच इमारती, रांगेने, जशा आपल्या सॉर्टिंगच्या कपाटातले खण. पोरगी वाळली होती. मला पाहून पाया पडली आणि म्हणाली, "काका, आधी गरम पाणी प्या."

हे गरम पाणी म्हणजे तिथला पहिला धडा. चिनी माणूस गार पाणी सहसा पीत नाही. रेल्वे स्टेशनवर, गाडीच्या डब्यात, दवाखान्यात, सगळीकडे उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत प्रत्येकाच्या हातात आपला थर्मास. पोट दुखते? गरम पाणी. सर्दी? गरम पाणी. बाप वारला? त्यालाही आयीने आधी गरम पाणीच दिले, असे पुतणी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच खाली उतरलो. कोपऱ्यावर वाफेचे ढग. वेताच्या गोल डब्यांची उतरंड, त्यात पावाएवढे उकडलेले गोळे, आत पालेभाजी नाहीतर मटण; त्याला बाओझ म्हणतात. शेजारी कढईत हातभर लांब फुगीर काड्या तळत होते, त्या गरम सोयाबीनच्या दुधात बुडवून खायच्या. आणि एका पातेल्यात चक्क पेज! तांदळाची, बाजरीसारख्या बारीक धान्याची. ती पाहून मला धीर आला. मी बोटाने दाखवून पेज आणि दोन गोळे घेतले आणि खिशातून शंभराची नोट काढली. बाई नोटेकडे पाहतच राहिली. तिच्याकडे सुट्टे नव्हते, गल्ला नावाची वस्तूच नव्हती. गाडीवर एक चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. लोक येत, मोबाईल दाखवत, 'टिंग' वाजे, निघून जात. आज आपला भाजीवालासुद्धा तेच करतो म्हणून तुम्हाला नवल वाटणार नाही, पण मला तेव्हा आपण अडाणी आहोत असे वाटले. मागच्या एका पोराने माझे पैसे आपल्या मोबाईलवरून दिले आणि मी नोट पुढे केली तर हात हलवून पळाला. परक्या देशातला माझा पहिला नाश्ता असा दुसऱ्याच्या पैशाने झाला.

शहराबद्दल दोन शब्द. शीआन म्हणजे जुने छांगआन, थांग राजघराण्याची राजधानी. मधोमध चौदाव्या शतकातला कोट आहे, जवळजवळ चौदा किलोमीटर घेराचा, आणि इतका रुंद की वर लोक भाड्याच्या सायकली फिरवतात. कोटाखालून भुयारी रेल्वे. रस्त्यावर विजेच्या स्कूटर, आवाज अजिबात नाही, मागून येऊन अंगावरच. पिवळ्या आणि निळ्या जाकिटातली पोरे जेवणाची पार्सले घेऊन अशी सुसाट सुटलेली की एकदा मी दिव्याच्या खांबाला मिठी मारून वाचलो. संध्याकाळी चौकात पन्नाशी-साठीच्या बायका स्पीकर लावून ओळीत नाचतात. कुणी बघत नाही, कुणी हसत नाही. आपल्याकडची साठीची बाई भर चौकात नाचली तर?

आता मुख्य गोष्ट. रविवारी आयीच्या घरून जेवणाचे बोलावणे आले. तिथे संध्याकाळचे जेवण सहालाच. गोल टेबल, वर काचेची फिरती थाळी. मला दाराकडे तोंड करून बसवले, तो मानाचा पाट. आयीचे यजमान, मुलगा, सून, नातू, पुतणी आणि मी. आधी थंड पदार्थ: ठेचलेली काकडी लसूण-शिरक्यात घातलेली. मग एकामागून एक गरम: टोमॅटो-अंडे, बटाट्याचा कीस (पण कच्चट, कुरकुरीत, आंबट-तिखट), टोफू, जिरे लावलेले मटण, अख्खा मासा, त्याचे डोके पाहुण्याकडे वळवलेले. एका पदार्थात जिभेला मुंग्या आणणारे दाणे होते. तोंडात घातले आणि मी ओरडलोच, "अरे, हे तर तिरफळ!" आमच्या ऑफिसातले मालवणचे मित्र बांगड्यात घालायचे तेच. अगदी तेच नाही, पण त्याच कुळातले. 'ते काहीही खातात' म्हणणारा मी. त्यांच्या ताटात माझ्या मित्राचे तिरफळ निघाले.

पण मला घास गिळवेना तो चवीमुळे नाही. कारण सांगतो. वाढप नावाचा प्रकारच नाही. ताटल्या मधोमध, प्रत्येक जण आपल्या काड्या त्यातच घालतो, तोंडात घालतो, परत त्यातच घालतो. आणि आयी आपल्या उष्ट्या काड्यांनी माशाच्या पोटाकडचा चांगला तुकडा उचलून माझ्या वाटीत ठेवते. मग यजमान ठेवतात. मग मुलगा. माझी वाटी रिकामी होऊच देत नाहीत.

मित्रहो, माझे वडील गावच्या हॉटेलात चहा प्यायला जात, तेव्हा त्यांची कपबशी बाहेर वळचणीला खोचलेली असे. स्वतः काढायची, स्वतः विसळायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, पैसे खाली ठेवायचे. मी लहानपणी वडिलांचा हात धरून हे पाहिले आहे. ज्याला पाणी उंचावरून ओतले गेले त्याच्या पोराच्या वाटीत, ज्या लोकांना माझे नाव नीट उच्चारता येत नाही ते आपल्या काड्यांनी घास ठेवत होते. त्यांच्या दृष्टीने ते काही मोठे काम नव्हते. पाहुण्याशी तसेच वागतात, एवढेच. आणि तेच मला लागले.

त्यात माझ्या हातून चूक झाली. भात शेवटी आला. काड्या कुठे ठेवाव्या कळेना, म्हणून मी त्या भातात उभ्या खोचल्या. टेबलावरचे बोलणे थांबले. आयी उठली, एक शब्द न बोलता तिने काड्या काढल्या, पुसल्या आणि वाटीशेजारी आडव्या ठेवल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून पुन्हा बसली. पुतणी खाली मान घालून बसलेली. घरी आल्यावर तिने सांगितले, "काका, भातात काड्या उभ्या करतात त्या मेलेल्या माणसासाठी. उदबत्तीसारख्या. तुम्ही ठेवल्या आणि मला वाटलं, बाबांनाच वाढलंय." मग ती रडली. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा रडली. मी काही बोललो नाही. चुलीवर, म्हणजे त्या विजेच्या शेगडीवर, पाणी गरम करायला ठेवले.

त्या रविवारची तारीख १३ जानेवारी. त्यांच्या पंचांगाप्रमाणे बाराव्या महिन्याची अष्टमी. हा दिवस तिकडे 'लाबा' म्हणून पाळतात आणि चिनी बौद्ध परंपरेत तो तथागतांच्या संबोधीचा दिवस. आपण वैशाख पौर्णिमा मानतो, ते हा दिवस मानतात. त्याच दिवशी सकाळी आयी आम्हाला एका जुन्या विहारात घेऊन गेली होती. कडाक्याच्या थंडीत शेकडो लोक रांगेत, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात किटली. मोठमोठ्या पातेल्यांतून फुकट खीर वाटत होते: तांदूळ, बाजरीसारखे धान्य, लाल कडधान्य, शेंगदाणे, कमळबिया, लाल बोरे. सुजातेने दिलेल्या खिरीची आठवण म्हणून. मी आयीला खुणेने विचारले, सुजाता माहीत आहे का? तिला नाव माहीत नव्हते. "बुद्धाला एका गुराख्याच्या पोरीने दिली," एवढे तिला ठाऊक. रांगेत सूटबूटवाला होता, झाडूवाला केशरी जाकिटात होता, शाळेची पोरे होती. धक्काबुक्की झाली थोडी, ती आपल्यासारखीच.

तिथल्या भिक्खूंच्या जेवणाबद्दल विचाराल म्हणून सांगतो. भगवंतांच्या काळी भिक्खू भिक्षेत पडेल ते खात. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर ते मांस घ्यायचे नाही, असा नियम. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा वू नावाचा सम्राट मोठा उपासक होता, त्याने भिक्खूंना मांस-मद्य बंद केले. तेव्हापासून तिथले विहार शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा नाही. विहाराशेजारच्या खानावळीत आम्हाला 'मासा' वाढला तो सोयाबीनचा, खवले-कल्ल्यांसकट! मला ते काही पटले नाही. सोडले तर सोडले, त्याचे सोंग कशाला? पण चव चांगली होती. गंमत अशी की भिक्खूंना लसूण वर्ज्य, आणि त्याच लाबाच्या दिवशी घरोघर लसूण शिरक्यात मुरत घालतात. पंधरा-वीस दिवसांत तो हिरवागार होतो, आणि नव्या वर्षाच्या मोदकांबरोबर खातात. मोदक म्हणजे त्यांचे च्याओझ, आत मटण-भाजी.

आयीचे यजमान सत्तरीचे. मूळचे शेजारच्या हनान प्रांतातल्या खेड्यातले. १९५९ ते ६१ च्या मोठ्या दुष्काळात ते दहा-अकरा वर्षांचे होते. झाडाची साल खाल्ली, असे सांगताना त्यांनी टेबलाच्या लाकडावरून नख ओढून दाखवले. सरकारी धोरणे चुकली त्याने माणसे मेली, हे तिथे मोठ्याने बोलत नाहीत. त्यांनीही नखानेच सांगितले. पुढे १९९३ पर्यंत धान्याला कुपन लागे. मी त्यांना आपला १९७२ चा दुष्काळ सांगितला, खडी फोडायच्या कामावरची सुकडी, रेशनची लाल मिलो ज्वारी. पुतणी दोन्हीकडून भाषांतर करता करता थकली, पण आम्ही म्हातारे थांबेना. तिथे भेटल्यावर 'जेवलात का?' असे विचारतात. आपणही विचारतो. ते का विचारतात हे मला त्या रात्री समजले. आणि डॉ. कोटणीसांचे नाव त्यांना माझ्याआधी माहीत होते. के दीह्वा, के दीह्वा म्हणून अंगठा वर केला. सोलापूर माझ्या गावापासून किती लांब, हेही विचारले.

आता 'ते काहीही खातात' या वाक्याकडे येतो. मी अठरा दिवसांत शीआनमध्ये झुरळ पाहिले ते एकच, तेही बाथरूममध्ये. मोठ्या देशात कुठे कुणी काय खात असेल, मी सगळा चीन पाहिलेला नाही. पण हे वाक्य माझ्या आजोबांबद्दल किती जणांनी म्हटले असेल! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले आणि आपल्या लोकांनी ते सोडले. सोडले, त्याचा अभिमान आहे. पण ते खावे का लागत होते, हे विचारणारे किती होते? ज्यांनी उपासात लोटले तेच नाक धरून उभे होते. आणि मी, त्याच आजोबांचा नातू, विमानात बारा किलो चिवडा-लाडू घेऊन, नाक धरूनच बसलो होतो.

म्हणजे चीनमध्ये सगळे आलबेल आहे, असे कुणी समजू नये. आमच्या इमारतीखालच्या शेवयांच्या दुकानात एक तरुण बाई कणकेचे पट्टे ओढायची. मनगटाएवढा रुंद पट्टा, एकाच पट्ट्यात वाडगे भरते. तिचा पोरगा गावी आजीजवळ. तिथे १९५८ पासून प्रत्येक कुटुंबाची नोंद गावाची किंवा शहराची अशी होते. गावाच्या नोंदीची माणसे शहरात राबतात, पण पोराची सरकारी शाळा, दवाखाना यांत अडचणी येतात. आता बऱ्याच शहरांनी नियम सैल केले आहेत, तरी ही बाई पोराला वर्षातून एकदाच भेटे. मी निघालो तेव्हा नववर्षासाठी गावी जाणाऱ्यांची गर्दी स्टेशनवर सुरू झाली होती. पाठीवर गाठोडी, बादल्या, खेळणी. जन्मावरून काम ठरवण्याचा आपला रोग तिथे नाही, पण जन्माच्या ठिकाणावरून माणूस अडतो, हे मी पाहिले. पुतणीलाही एक-दोन घरमालकांनी परदेशी म्हणून, रंगावरून, खोली नाकारली होती. फेसबुक, व्हॉट्सॲप तिथे बंद. हेही सांगितले पाहिजे.

शेवटच्या दिवसांत ह्युएन त्संगाचा मनोरा पाहिला. भारतातून ६४५ साली परतताना त्याने ६५७ ग्रंथ आणले. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये तो बांधला. पुढे त्याचा पुतळा. आपल्या महाराष्ट्रातही तो आला होता, पुलकेशीच्या राज्यात. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे काहीसे त्याने लिहून ठेवले आहे. पुतणी म्हणाली, "काका, बरोबर ओळखलंय." ती हसली. मग मी वहिनींना फोन लावला.

पोरगी २०१९ च्या जुलैत डिग्री घेऊन परत आली. इथली परीक्षा पास झाली, आता ग्रामीण भागात डॉक्टर आहे. आयीशी रोज वीचॅटवर बोलणे चाले. २०२० च्या जूनमध्ये गलवाननंतर आपल्या सरकारने ते ॲप बंद केले. तिकडे व्हॉट्सॲप नाही, इकडे वीचॅट नाही. दोन सरकारांच्या भांडणात आमची आयी हरवली. २०२१ च्या डिसेंबरात शीआन शहर कोविडसाठी बंद झाले, सव्वा कोट माणसे घरात, आणि भाजी-धान्य पोचत नसल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या माणसाने झाडाची साल खाल्ली त्याच्या घरात काय असेल, या विचाराने पुतणीला झोप येईना.

मी पोस्टातला माणूस. म्हटले, पत्ता तर आहे! पुतणीने चिनीत लिहिले, मी पाकिटावर पत्ता दोन्ही भाषांत लिहून घेतला, रजिस्टर केले. पुढचे साल निम्मे सरले तेव्हा उत्तर आले. आत एक फोटो: म्हातारा-म्हातारी, मधे हिरव्या लसणाची बरणी. आयीने लिहिले होते की आम्ही बरे आहोत, घरात शेवया होत्या. आता लोक जेवताना वाढायला वेगळ्या काड्या ठेवतात, साथीमुळे तसे करा म्हणतात, पण तू आलीस तर मी माझ्याच काड्यांनी वाढीन. तेव्हापासून वर्षाला दोन पत्रे जातात, दोन येतात.

आता भोजनदानाची वेळ झाली आहे, सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवताहेत. आज पंगतीत जी घट्टसर खीर वाढतील, ती वहिनींनी केली आहे. त्यात तांदळाबरोबर लाल चवळी आणि शेंगदाणे दिसतील. कमळबिया इथे मिळाल्या नाहीत, म्हणून मखाणे घातलेत. खिरीत चवळी कशी, म्हणून कुणी बाजूला काढू नका. पोरे पहिल्या पंगतीला बसतील.

जय भीम.